शास्त्रांतर

परवा सायंकाळी कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी एका स्नेह्यांची गाठ पडली. गृहस्थ बदल्या सोशीत म्हैसुरास आलेले. चिरंजीव येथेच रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत आहेत. तीन वर्षांनंतर आता त्यांना भाषाविज्ञानाकडे वळावयाचे आहे. "तीन वर्षे पाण्यात गेली," एवढेच बोलून स्नेही तलावाकडे पाहत राहिले.

हुकमाने गाव सोडणाऱ्या आम्हां नोकरांना कोणी चंचल म्हणत नाही. पण स्वतःच्या बदलीचा हुकूम स्वतःच लिहू पाहणाऱ्या तरुणास मात्र आपण तो शब्द लगेच लावतो. हा न्याय आहे काय?

मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे संस्कृतचे. १९२० साली मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते समाजशास्त्र शिकण्यासाठी विलायतेस गेले, लंडनला हॉबहाउस यांच्याकडे. तेथे मन रमले नाही, तेव्हा केंब्रिजला जाऊन त्यांनी रिव्हर्स यांच्या हाताखाली मानवशास्त्र धरले. हे रिव्हर्सही मूळचे डॉक्टर! १९२२ मध्ये ते अकस्मात वारले आणि घुर्यांनी हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पुरा केला. विद्यापीठाचा पैसा बुडाला म्हणावे, तर १९२४ पासून त्याच विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. आणि सोडलेले संस्कृत त्यांच्या जातिविषयक लेखनात पानोपानी कामास आले.

त्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास तर या म्हैसूरचेच. महाराजा कॉलेजचे विद्यार्थी. कूर्गच्या कोडव समाजावर प्रबंध लिहून १९४४ साली त्यांनी मुंबईची डॉक्टरेट मिळविली. पुढे ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन यांनी तीच टिपणे पुन्हा उघडावयास लावली, पण प्रश्न बदलून. चालीरीती कोणत्या, हे मुंबईत नोंदून झाले होते. त्या विधींनी समाज एकत्र कसा बांधला जातो, हे आता पाहावयाचे होते. त्यातून १९५२ चा गाजलेला ग्रंथ निघाला. टिपणे जुनीच होती. पाण्यात काही गेले नव्हते.

अर्थात ही यशस्वी माणसांची उदाहरणे झाली. शास्त्र बदलून जे दोन्हीकडून गेले, त्यांची चरित्रे कोण लिहितो? म्हणून चिरंजीवांनी एक गोष्ट स्वतःशी निरखून पाहावी, असे आम्हांस वाटते: त्यांना भाषाविज्ञान ओढीत आहे, की रसायनशास्त्र ढकलीत आहे? केवळ कंटाळ्याने घर बदलणारा कंटाळा बरोबर घेऊनच जातो. ओढ खरी असेल, तर मात्र पदवीसाठी मन मारून प्रयोगशाळेत बसणे आम्हांस अधिक अप्रामाणिक वाटते. विद्यावेतन देणाऱ्यांची तीही फसवणूकच.

राहता राहिले गुरूचे ऋण. शिष्याने शास्त्र सोडल्याने ते बुडते, असे आम्ही मानीत नाही. न सांगता सोडल्याने बुडते. आम्ही स्नेह्यांना विचारले, "मार्गदर्शकांच्या कानांवर घातले आहे ना?"

"अजून नाही. आधी माझी संमती हवी, म्हणतो."

अंधार पडू लागला होता. "मग आज घरी गेल्यावर देऊन टाका," आम्ही म्हणालो. ते काही बोलले नाहीत. पण नेहमीची दुसरी फेरी न घेता घराकडे वळले.