राजवाड्यात शिरलेला परका

राजघराण्यावरच्या प्रेमविनोदी चित्रपटांचा साचा दोन वाक्यांत सांगता येतो. एक तर साध्या घरातली मुलगी राजवाड्यात जाते आणि तिथल्या रीतीभातींत पदोपदी अडखळते. नाहीतर राजकन्या किंवा राजपुत्र वाडा सोडून रस्त्यावर येतो आणि बाजारात, खानावळीत, भाड्याच्या खोलीत गोंधळून जातो. गोंधळातून हसू येते, हसण्यातून ओळख वाढते आणि ओळखीतून प्रेम जमते. हा साचा इतका परिचयाचा झाला आहे की तो हॉलिवूडनेच घडवला असे वाटावे. प्रत्यक्षात तो फार जुना आहे आणि त्याच्या एका आरंभाशी विदर्भाचे नाव जोडलेले आहे. इतक्या शतकांत त्यात खरा बदल झाला तो एकाच प्रश्नाच्या उत्तरात: वाडा आणि परका समोरासमोर आले की शिकायचे कोणी?

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातली मालविका विदर्भाची राजकन्या आहे. भावाला कैद होते, पळताना वाटेत तांडा लुटला जातो आणि शेवटी ती विदिशेच्या अग्निमित्र राजाकडे पट्टराणी धारिणीची दासी म्हणून येऊन पडते. तिथे ती नृत्य शिकते आणि राजाच्या नजरेस पडते. पुढचे सगळे नाटक लपवाछपवीचे आहे. धारिणी मालविकेला तळघरात कोंडते आणि पहारेकरणीला बजावते की माझी नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय दार उघडायचे नाही. विदूषक गौतम आपल्याला साप चावल्याचे सोंग करतो, उतारा म्हणून नागाची आकृती असलेली वस्तू हवी असे राणीपर्यंत पोचवतो, आणि घाबरलेली धारिणी स्वतःच्या हाताने अंगठी काढून देते. हा प्रसंग आजच्या कोणत्याही विनोदी पटकथेत जसाच्या तसा बसेल. मात्र शेवट आजच्या पटकथेसारखा नाही. विदर्भातून आलेल्या दोन कलावती मुली मालविकेला ओळखतात, ती राजकुळातली असल्याचे उघड होते आणि लग्नातली अडचण संपते. म्हणजे परकी मुलगी मुळात परकी नव्हतीच. वाड्याला काही शिकावे लागत नाही, राजाला बदलावे लागत नाही. नीट ओळख पटली की व्यवस्था होती तशी राहते. याच नाटकात विदर्भाचे दोन भाग होऊन वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, सीमा ठरते. प्रेमकथेच्या मागे राज्यविस्तार शांतपणे चालू असतो.

शाकुंतलात अंतर खरोखरचे आहे. शकुंतला आश्रमात वाढलेली आहे आणि दरबारात तिला कोणी ओळखत नाही. तिच्याबरोबर आलेल्या शार्ङ्गरवाला माणसांनी गजबजलेला राजवाडा आग लागलेल्या घरासारखा दिसतो. अरण्यातल्या माणसाच्या डोळ्यांनी वाडा पाहण्याचा हा क्षण भारतीय नाट्यात फार मोलाचा आहे. पण कालिदास तिथे थांबत नाही. शाप, अंगठी आणि पुनर्भेट यांतून तो दोष दुष्यंताच्या अंगावरून काढून घेतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात हे नाटक मराठीत आणले आणि संगीत रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. दोनच वर्षांनी आलेल्या त्यांच्या ‘सौभद्रा’त राजपुरुष स्वतःच वेष पालटतो: अर्जुन यती होऊन सुभद्रेच्या घरी राहतो, बलराम भक्तिभावाने त्याचा पाहुणचार करतो, आणि सगळे ठाऊक असलेला कृष्ण गालात हसत राहतो. तरीही दोन्ही बाजू राजकुळाच्याच. वेष उतरला की सगळे सुरळीत होते.

लोकरंगभूमीने मात्र वाड्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. वगातला राजा, प्रधान आणि हवालदार ही मंडळी गावकऱ्यांच्या भाषेत बोलतात आणि गावकऱ्यांकडूनच उघडी पाडली जातात. ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभाराच्या घरचे गाढव राजकन्येला मागणी घालते. हे गाढव म्हणजे शापित गंधर्व, त्यामुळे वरवर पाहता मालविकेचीच युक्ती पुन्हा आली. पण प्रेक्षक गंधर्वासाठी बसत नाही, तो सावळ्या आणि गंगीसाठी बसतो. दादू इंदुरीकरांचा सावळ्या गाजला तो राजासमोर बिचकत नाही म्हणून. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार हीच परंपरा शहरी नाट्यगृहात घेऊन आला. वगातला वाडा काही शिकत नाही, पण त्याची आब मात्र उरत नाही.

या इतिहासातला निर्णायक टप्पा १९११ सालचा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ त्या वर्षी १२ मार्चला रंगभूमीवर आले. धैर्यधर शूर आहे पण गरीब. श्रीमंत घरातली भामिनी त्याचा अपमान करते. नंतर तीच भामिनी वनमाला या नावाने साध्या मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत राहते आणि ज्याला तुच्छ लेखले त्याची खरी योग्यता तिथे ओळखते. इथे वेषांतराचा अर्थच बदलला. मालविका दासी झाली तेव्हा तिला स्वतःविषयी काहीच नवे शिकायचे नव्हते. भामिनी वनमाला झाली ती शिकण्यासाठी. श्रीमंतीने गरिबीच्या घरी शिकायला जायचे, हा विचार मराठी प्रेमविनोदात पक्का झाला तो इथे. बालगंधर्वांच्या भामिनीने तो घराघरांत पोचवला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी या नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. साधेपणाचा मान वाढवणारे हे नाटक स्वराज्याच्या निधीसाठी निवडले जावे यात औचित्य होते.

त्याच सुमारास मराठी राजघराण्यांत प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीही या विचाराला पूरक होत्या. बडोद्याच्या इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांची कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी ओळख झाली. त्यांनी ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये जितेंद्रांशी विवाह केला. दोन बलाढ्य मराठी संस्थानांच्या प्रतिष्ठेपुढे एका मुलीने स्वतःची निवड ठेवली, हे त्या काळाच्या मानाने विलक्षण धाडस होते.

त्यांचे वडील सयाजीराव हे तर या साच्याचे सर्वांत मोठे जिवंत उदाहरण. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. अक्षरओळखीपासून त्याचे शिक्षण वाड्यात सुरू झाले. चित्रपट असता तर काटे-चमचे आणि मुजरे यांवरच्या विनोदांत तो रमला असता. खऱ्या आयुष्यात या मुलाने आधी वाड्याकडून शिकून घेतले आणि मग राज्याला शिकवले: १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. परक्याने वाडा बदलला याचा याहून ठळक दाखला मराठी इतिहासात मिळणे कठीण.

१९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि पडद्यावरचा राजवाडा सैल झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काळातच, १९५२ मध्ये, मेहबूब खान यांचा ‘आन’ आला. त्यात दिलीपकुमारचा गावकरी नादिराच्या गर्विष्ठ राजकन्येला पळवून आपल्या खेड्यात नेतो आणि शेतकरणीचे जिणे जगायला लावतो. शिकायचे वाड्यानेच, हे उत्तर इथे स्पष्ट आहे, पण शिकवणे जबरदस्तीचे आहे आणि ते आज खटकते. भामिनी स्वतःहून गेली होती. नादिराच्या राजकन्येला ती मोकळीक नाही. या बाबतीत १९११ चे नाटक १९५२ च्या चित्रपटाच्या पुढे आहे.

पुढच्याच वर्षी विल्यम वायलरच्या ‘रोमन हॉलिडे’ने राजकन्येला ही मोकळीक दिली. सुरुवातीच्या समारंभात ऑड्री हेपबर्नची राजकन्या पाहुण्यांशी हसून बोलत असते आणि घोळदार झग्याखाली दुखऱ्या पायातली चप्पल हळूच काढते. ती कलंडते आणि परत पायात येता येत नाही. राजेपणाचे ओझे त्या एका चपलेत दिसते. मग ती रोमच्या रस्त्यावर एक दिवस काढते, केस कापून घेते, आइस्क्रीम खाते, एका पत्रकाराच्या प्रेमात पडते आणि कर्तव्य म्हणून परत जाते. परतताना ती बदललेली असते, पण वाडा आहे तसाच राहतो. १९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’त एडी मर्फीचा आफ्रिकी राजपुत्र न्यूयॉर्कमध्ये खाणावळीची फरशी पुसतो आणि राज्यातली ठरवून लग्न करण्याची रीत त्याच्या निवडीपुढे नमते. तिथे वाडाही थोडा हलला.

हिंदीतला बदल एका मायलेकींच्या भूमिकांत नेमका पाहता येतो. हृषीकेश मुखर्जींच्या १९८० च्या ‘खूबसूरत’मध्ये दीना पाठक यांनी मध्यमवर्गीय घरातली शिस्तप्रिय गृहिणी केली होती आणि रेखाची खोडकर मुलगी त्या घरात हसू आणते. २०१४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला तेव्हा शिस्तीची बाजू दीनाबाईंची मुलगी रत्ना पाठक शाह यांच्याकडे होती, पण घर आता राजस्थानातला राजवाडा झाले होते आणि परकी मुलगी फिजिओथेरपिस्ट. सत्ता आणि तनखे दोन्ही गेल्यावर, १९७१ च्या घटनादुरुस्तीनंतरच्या पिढीसाठी, राजवाडा म्हणजे कडक नियमांचे मोठे घर एवढाच अर्थ उरला. प्रजा त्या गोष्टीतून जवळजवळ गायब झाली. साचा हलकाफुलका झाला, पण भामिनीच्या छावणीत जे गांभीर्य होते ते विरले.

या साच्याची खरी परीक्षा पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला होते. अरण्य एका बाजूला आणि सिंहासन दुसऱ्या बाजूला, या गृहीतावर मालविकेपासूनची प्रत्येक गोष्ट उभी आहे. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. राजा आणि रानातला माणूस एकाच समाजाचे. संस्थापक जयबा मुकणे याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि मग कातड्याची बारीक वादी काढून मोठा मुलूख वेढला, अशी कथा सांगितली जाते. हे घराणे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. राजवाड्यात परका शिरतो तेव्हा हसू येते; इथे ज्याला बाकीच्या गोष्टी परका म्हणतात तोच गादीवर बसलेला होता.

जव्हारजवळच्या शिरपामाळाची परंपरा या दृष्टीने फार बोलकी आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर जाताना, जानेवारी १६६४ च्या सुमारास, छत्रपती शिवाजी महाराज तिथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहाने शिरपेच देऊन त्यांचा मान केला, असे सांगतात. माळावर त्याचे स्मारक आहे. महाराजांचा राज्याभिषेक तेव्हा दहा वर्षे दूर होता, आणि मुकण्यांची गादी तीनएकशे वर्षांची जुनी. कुळाच्या हिशेबाने पाहिले तर प्रस्थापित राजा डोंगरातला कोळी होता आणि नवा माणूस तो, ज्याला पुढे सगळ्या महाराष्ट्राने छत्रपती मानले. कोणी कोणाला पारखले नाही, वंशावळ विचारली नाही. एकाने मान दिला, दुसऱ्याने घेतला. हा सलोखा कायम टिकला नाही, १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले. तरी माळावरच्या भेटीची आठवण लोकांनी जपली ती मानाची म्हणून.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडाही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत पुढे येते. देव, दानव आणि राजे यांचे मुखवटे दिवसा नांगर धरणाऱ्यांच्या खांद्यांवर असतात, आणि मुखवटा चढला की त्या माणसाला त्या रूपाचा मान मिळतो. हा वेष फसवण्यासाठी घेतलेला नसतो, कारण मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. वेषांतराची ही कल्पना मालविकेच्या किंवा अर्जुनाच्या वेषांतराहून अधिक मोकळी आहे.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. ज्यांच्यावर राज्य केले त्यांच्यासारख्याच माणसांपुढे मत मागायला जाणारा राजा, हा या साच्याला मिळालेला सर्वांत नवा आणि सर्वांत कसदार प्रसंग आहे. त्याच्या आसपासचे वास्तव सोपे नाही. राजवाड्याच्या याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये महाराष्ट्र हादरला होता, आणि इथली गोष्ट सांगणाऱ्याला ते विसरून चालणार नाही. पण हसू आणि गांभीर्य एकत्र पेलणे मराठी रंगभूमीला नवे नाही. ‘मानापमाना’ने ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले. राजस्थानातले महाल पुरे झाले. राजघराण्यावरचा मराठी प्रेमविनोद लिहू पाहणाऱ्याने एकदा जव्हारला यावे, शिरपामाळावर उभे राहावे आणि आपली गोष्ट तिथून सुरू करावी.