ट्रॉलीचा खटखटाट

भंडाऱ्याजवळच्या वरठीतला ओळखीचा एक मुलगा रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’मधल्या ट्रॉलीच्या प्रसंगाला नवं संगीत देतो आहे. हे ऐकून नागपूरचे आमचे एक चित्रपटवेडे स्नेही त्याला म्हणाले, “चांगल्या चित्राले काहून हात लावता?” तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

१९७९चा चित्रपट, त्यातला तो निषिद्ध प्रदेश, तिकडे निघालेले तिघे. रसिकांना हे ठाऊक आहेच. प्रसंगात घडत काहीच नाही. तिघे मोटारट्रॉलीवर बसलेत, कॅमेरा त्यांचे चेहरे आणि माना जवळून न्याहाळतो, कित्येक मिनिटं कुणी बोलत नाही. ऐकू येतो चाकांचा खटखटाट. मग तो घुमू लागतो, लांबतो. संगीतकार एदुआर्द आर्तेमेव्हनं सिंथेसायझरवर तो असा बेमालूम बदललाय की चाक कुठं संपलं आणि संगीत कुठं सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

चित्रपटसंगीताचे मी दोनच प्रकार मानतो. एक, आपल्याला काय वाटायला हवं ते सांगणारं. दुसरं, आपल्याला ऐकायला लावणारं. पहिल्याची आपल्याकडे रेलचेल आहे. ट्रॉलीचा प्रसंग दुसऱ्या प्रकारचा मानदंड, आणि म्हणूनच तो शिकणाऱ्याच्या हाती पडायला हवा, असं मला वाटत होतं.

स्नेह्यांची भिस्त खुद्द तारकोव्हस्कीवर. चित्रपटाला तत्त्वतः संगीताची गरजच नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. बरोबर. पण याच चित्रपटाचं सुरुवातीचं चित्रीकरण फिल्म धुताना वाया गेलं आणि ते पुन्हा करावं लागलं. आर्तेमेव्हची पहिली रचनाही त्यानं नाकारली. कर्त्यानंच जी कृती मोडून पुन्हा उभी केली, तिला सोवळ्यात ठेवणारे आपण कोण?

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तर हे सोवळं कधी नव्हतंच. तेच नाटक आज या गावात, उद्या त्या गावात, रात्रभर. मंचासमोर बसलेल्या ऑर्गनवाल्याची नजर नटावर. नट संवादात अडला की तो सूर धरून ठेवतो, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं की गाणं वाढवतो. नाटक तेच, संगीत त्या रात्रीचं. हे वादक चित्रपटाच्या शाळेत न जाता जे जाणतात, त्यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

असो. मुलानं आपलं काम ऐकवलं. वरठीतलं स्टेशन म्हणजे भंडारा रोड, मुंबई-हावडा मार्गावरचं. गावात सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. त्यानं मालगाड्या मोबाइलवर टिपल्या होत्या. पण त्यात खटखट नव्हती! पूर्वी १३ मीटरचे रूळ फिशप्लेटनं जोडलेले असत; चाक प्रत्येक सांध्यावर आपटे आणि ताल आपोआप तयार होई. आता रूळ वेल्डिंगनं सलग करतात. गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाताना पॉइंटवर खडखडते, बाकी सगळी लांबलचक घरघर. वाघिणींमागून वाघिणी जातात आणि सूर तसूभर हलत नाही.

त्यानं ती घरघर प्रसंगाखाली ठेवली होती. पडद्यावर सांध्यांचे रूळ, कानात सलग रूळ. दोघांचं जमेना. चूक त्याच्या कानाची नव्हती. आर्तेमेव्हचं संगीत त्या प्रसंगातल्या चाकांतूनच निघालं आहे. ती चाकं ठेवून दुसरं संगीत घालायचं, तर ते वरून चिकटवावं लागतं. म्हणजे शेवटी ते पहिल्या प्रकारचं, सांगणारंच होतं.

तेव्हा स्नेह्यांचं कारण मला आजही पटत नाही, पण त्यांचा निकाल मान्य करावा लागतो. त्या प्रसंगाला हात लावू नये. तो पवित्र आहे म्हणून नव्हे, त्यात जागाच रिकामी नाही म्हणून. मुलाला माझं एवढंच सांगणं आहे: ती घरघर फेकू नकोस, तुझ्या कामातली तीच अस्सल आहे. तारकोव्हस्कीची ट्रॉली काढून टाक, भंडारा रोडच्या फलाटावर कॅमेरा लाव आणि त्या घरघरीसाठी तुझं स्वतःचं दृश्य टिप.