तुपात काय होतं

आमच्या घरी फवारणीच्या औषधाचं एक झाकण जपून ठेवलेलं आहे. आत रेघा आहेत. पंधरा लिटरच्या पंपाला किती घालायचं, ते मी त्या रेघेवर ठरवतो. चाळीस वर्षं झाली, कपाशीवर अंदाजानं औषध कधी ओतलं नाही. ज्यांनी ओतलं त्यांची जळालेली पाती पाहिली आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात तर यवतमाळकडं फवारता फवारता माणसं दगावली. आमच्या नांदुऱ्यात स्टँडवर, चहाच्या टपरीवर, जिथं तिथं तोच विषय. मीही तावातावानं बोलायचो, की विषाला माप पाहिजे, माप नाही तर हात लावू नका.

आणि त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मी नुसत्या नजरेच्या मापानं एक वस्तू चारली. त्याला न सांगता.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गळ्यात तुळशीची माळ. वीस-बावीस वर्षं एकही वारी चुकली नाही. माळेनं मांस-मच्छी सुटली, दारू तर घरात कधी नव्हतीच. पण तंबाखू माळेच्या नियमात कोणी मोजली नाही. आमच्याकडं कीर्तनाला बसलेल्या दहा माळकऱ्यांत सहा जणांच्या गालात चुना-तंबाखू असते, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठं मिळतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तंबाखूला तर बंदीही नाही. दादाच्या गालाला आतून फोड आला तेव्हा त्यानं सहा महिने तुरटीच्या गुळण्या केल्या. मग ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि वर्षभरानं ते पुन्हा जबड्यात उतरलं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं सांगितलं, आता घरी ठेवा, जे खाता येईल ते खाऊ घाला. दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या पहिल्या आठवड्यात पुरल्या, पुढं पुरेनात.

रात्री दादा बाजेवर उठून बसायचा. ओरडायचा नाही. बाजेची सुतळी दोन्ही मुठीत धरून नुसता हुंकार द्यायचा, मोटेच्या बैलानं चढ चढताना द्यावा तसा. हरिपाठ पाठ होता, पण जबडा हलत नव्हता म्हणून तोही म्हणता येईना. वहिनी भिंतीला टेकून बसायच्या. माझं घर शेजारीच, मधे एक कूड. कुडातून तो आवाज यायचा आणि आम्ही दोघं नवरा-बायको जागे राहून झोपेचं सोंग करायचो.

गावातले एक जुने जाणते गृहस्थ झाडपाल्याचं औषध द्यायचे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “भांग दे. पन पान्यात नोको देऊ. तुपात शिजव. तुपावाचून ते अंगात उतरतच नाई, पोटातून तसंच निंघून जाते.” त्यांचं हे बोलणं अडाणी नव्हतं, हे मला नंतर समजलं. भांगेतलं जे काम करतं ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. दुधात घोटताना भांगवाले साय आणि बदाम उगाच घालत नाहीत. आयुर्वेदात भांगेचं नाव विजया. ती आधी फडक्यात बांधून, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायची आणि मग गाईच्या तुपात भाजायची, याला शोधन म्हणतात. जातीफलादि चूर्णात ती असते. अमेरिकेत २०१८ साली या झाडापासून काढलेलं फिटांचं एक औषध मंजूर झालं. तेही स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात कितीतरी पटीनं जास्त उतरतं, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे आमच्या गावच्या म्हाताऱ्याला तूप ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते पुढं येतं.

पान आणायचं कुठून? आपल्याकडं तूर-कपाशीच्या ओळीत कोणी झाड लावलं आणि पोलिसांनी उपटून नेलं, अशी बातमी वर्षातून दोन-चारदा येते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात झाड लावल्यालाही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्या कायद्यानं फुलोऱ्याला गांजा म्हटलं, चिकाला चरस म्हटलं, आणि शेंड्यावाचूनचं नुसतं पान व्याख्येबाहेर सोडलं. त्या पानाचं काय करायचं ते राज्यांवर ठेवलं. म्हणून सातपुड्यापलीकडं मध्य प्रदेशात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत, आणि अलीकडं आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तेच पान बिनपरवाना जवळ ठेवणं गुन्हा. जळगाव जामोदवरून डोंगर ओलांडला की पुण्य बदलतं. इंग्रजांनी १८९३ मध्ये या झाडावर एक आयोग नेमला होता, हजारावर साक्षी घेतल्या, आणि थोडक्यात वापरानं फारसं बिघडत नाही, अतिवापरानं बिघडतं, बंदी घालू नका, असं सांगितलं. त्या काळी खांडव्याकडं गांजाची रीतसर परवान्याची शेती होती. सोलापूरकडच्या एका शेतकऱ्यानं २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडं मागितली तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. कांद्याला आणि कपाशीला भाव नसला म्हणजे माणूस काय काय मागतो, ते मागणाऱ्यालाच माहीत.

ओळखीचा एक जण महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला चालला होता. त्याच्याकडून पान आणवलं. पिशवी घरात आली तेव्हा मला कायद्याची भीती वाटली, लाज वाटली नाही. लाज वाटली ती दादाच्या माळेची. त्याला सांगितलं असतं तर त्यानं तोंड मिटून घेतलं असतं, हे मला आणि वहिनींना दोघांनाही पक्कं माहीत होतं. म्हणून आम्ही सांगायचं नाही असं ठरवलं. ठरवलं तरी कसं? तोंडानं काही बोललो नाही. वहिनींनी चुलीवर कढई ठेवली आणि मी दार लोटून घेतलं, एवढंच.

तूप हिरवट झालं. इलायची जास्त घातली, वास मारावा म्हणून. पातळ शिरा केला, दादाला तेवढाच गिळता यायचा. त्यात एक चमचा. किती पानाचं किती तूप झालं, त्यातला चमचा म्हणजे किती, हे विचारायला आमच्याकडं रेघांचं झाकण नव्हतं. पानही दर वेळचं सारखं नसतं. एकाच गाईचं दूध सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं, मग हे तर झाड.

एक तास गेला. दादा तसाच सुतळी धरून. मी वहिनींकडं पाहिलं, वहिनींनी माझ्याकडं. आणखी एक चमचा दिला.

म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं ते हेच. धूर ओढला तर पाच-दहा मिनिटांत समजतं, माणूस तिथं थांबू शकतो. पोटातून गेलेलं अर्ध्या तासानं चढेल, दोन तासांनीही चढेल. यकृतात त्याचं आणखी जोरदार रूप होतं, आणि ते सहा-आठ तास उतरत नाही. तूप जितकं चांगलं, तितकं जास्त चढतं. पहिला चमचा अजून वाटेत असताना मी दुसरा पाठवला होता. पुढं वाचनात आलं, की कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं १८३९ साली हेच झाड औषध म्हणून लिहून काढलं, तेव्हा आधी जनावरांवर पाहिलं आणि मग रोग्यांवर. परका माणूस, परक्या रोग्यांसाठी एवढा थांबला. मी सख्खा भाऊ.

रात्री अकराच्या सुमाराला दादाची मूठ सुटली. सुतळी सोडून हात बाजेवर पसरला. वहिनी रडल्या, आनंदानं. मीही देवाला हात जोडले. मग साडेबाराला दादा ताडकन उठला. डोळे लाल, छाती धडधडत होती, ती मला हात न लावता दिसत होती. मला ओळखेना. वहिनींना ‘माय’ म्हणायला लागला, आमची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. विहीर कुठंय, विहीर झाका, असं काहीतरी बोलायचा आणि दाराकडं धावायचा. उंबऱ्यात पडला. आम्ही दोघांनी त्याला धरून ठेवलं, पहाटेपर्यंत. गाडी करून दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही. का नेलं नाही याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलं. खरं उत्तर हे, की तिथं विचारलं असतं काय दिलं म्हणून.

दिवस वर आल्यावर तो झोपला, दुपारी उठला. तोंड कोरडं पडलेलं. पाणी मागितलं. मग हळूहळू शब्द जुळवत विचारलं, “शिऱ्यात काय होतं रे?”

“तूप.”

“अन् तुपात?”

“काई नाई.”

पहिलं उत्तर खोटं नव्हतं, असं म्हणता येईल. दुसरं होतं.

त्यानंतर आम्ही ते तूप दिलं नाही. नात्यातल्या एका शिकलेल्या पोरीनं चौकशी केली आणि कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यावर मॉर्फीन रीतसर मिळतं, त्यासाठी २०१४ मध्ये कायदा सैल केला आहे, हे तिच्याकडून कळलं. आम्ही गेलो तिथल्या डॉक्टरांनी थोड्यापासून सुरू केलं. चार-चार तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न पाहता. दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवलं. दादा झोपायला लागला, आणि जागा असताना जागा राहायला लागला. अफूच्याच बोंडातलं ते, भांगेहून कितीतरी जबर. पण पट्टीवर आकडा छापलेला होता. आता तर विजयेचं तेलही परवान्याचं, आकडा छापलेलं, आयुर्वेदाच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं असं समजतं. ते कॅन्सर बरा करतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. मळमळीला, भुकेला, काहींच्या दुखण्याला उपयोग होत असेल. पण आमच्या कढईतलं ते तेल नव्हतं.

दुखणं बसल्यावर मला बोलायला जागा मिळाली. एका संध्याकाळी ओट्यावर मी त्याला सगळं सांगितलं. उज्जैन, कढई, दोन चमचे. त्यानं मधे काही विचारलं नाही. शेवटी म्हणाला, “कोनाले माईत हाय?”

“वयनीले. अन् मले.”

बराच वेळ तो कुडाकडं पाहत राहिला. मग मानेकडं हात नेला. गळा सुजलेला, माळ डोक्यावरून निघेना. “तूच काढ,” म्हणाला. मी काढली. विठ्ठलाच्या फोटोखाली खुंटीला अडकवली. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर सोपं झालं असतं. म्हणाला, “दुखनं मायं होतं. इचारून नेलं असतं त देल्लं असतं का नाई, ते मलेबी नाई माईत. पन इचारायचं होतं.”

पुढच्या एकादशीला गावातले विणेकरी आले आणि त्यांनी ती माळ त्याच्या गळ्यात पुन्हा घातली. काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

वहिनींचं मत मात्र आजही वेगळं आहे. मी कधी हा विषय काढला की चूल सारवता सारवता त्या म्हणतात, “तुमाले माळ दिसते भाऊजी. मले त्याईच्या राती दिसते. साऱ्या महिन्यात एक दीड घंटा त्याईची मूठ सुटली, ते खोटं होतं का? पुना तशी येळ आली त मी पुना करीन.” मला यावर उत्तर सापडलेलं नाही. माझ्या मनात माळ आहे, माप आहे, विचारणं आहे. त्यांच्या मनात ती सुटलेली मूठ आहे. आणि ती मूठ मीही पाहिली होती. हात जोडले होते.

उरलेलं तूप मी बांधावर खड्डा करून पुरलं. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवला.

दादा पुढं अडीच महिने होता. शेवटपर्यंत त्याचा एक नेम राहिला. औषधाची वेळ झाली की मी गोळीची पट्टी घेऊन जवळ बसायचो. तो तोंड उघडायचा नाही. बोटानं पट्टीकडं खूण करायचा. मग मी दहावी शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीत एक-एक अक्षर जुळवून नाव मोठ्यानं वाचायचो, मॉर्फीन, आणि त्यापुढचा आकडा वाचायचो. तो मान हलवायचा. मग तोंड उघडायचा.