घसा आणि थकबाकी

संपावर जाणारी माणसं मला नेहमीच थोर वाटत आली आहेत. लढाईवर जाणारीही वाटतात. दोन्ही ठिकाणी मी स्वतः जात नाही, हे त्या आदराचं मुख्य कारण असावं.

आमचा मेहुणा मात्र जाणाऱ्यांपैकी. तो एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला आणि 20 तारखेपासून बेमुदत संप पुकारला. रद्द केलेली आश्वासित प्रगती योजना पुन्हा लागू करा, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या, अशा मागण्या होत्या. आश्वासित प्रगती म्हणजे बढती न होता बढतीचा पगार मिळणे. टेबल तेच, कुरकुरणारा पंखा तोच, फक्त पगार वरच्या खुर्चीचा. त्यातलं आश्वासन तेवढं पदरात पडलं होतं. प्रगतीसाठी संप होता.

संपाच्या त्या दिवसांत मेहुणा दुपारचाच घरी आला.

"भाऊजी, तुमचं बँकेत बरं आहे. समोर पैसे देणारा तरी बसतो. आमचे कुलगुरू म्हणतात, माझी पूर्ण सहानुभूती आहे, पण पगार शासनाचा. मंत्रालयात गेलं की म्हणतात, फाईल वित्त विभागात आहे."

"आणि वित्त विभागात?"

"तिथं चहा चांगला मिळतो."

पण त्याचा खरा राग शासनावर नव्हताच. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ 'माझा तत्त्वतः पाठिंबा आहे' असं सांगून, रजा टाकून गावी गेला होता, त्याच्यावर होता. "उद्या मागण्या मान्य झाल्या तर ह्यालाही सगळं मिळणार! उन्हात घोषणा आम्ही द्यायच्या, पगार आमचा कापणार, आणि थकबाकी ह्याला? हे नीतीला धरून आहे का, तुम्हीच सांगा!"

आमच्या सौभाग्यवतीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे. मी कॅलेंडरकडे पाहिलं.

त्याचं असं झालं होतं. पगारवाढीसाठी बँक कर्मचाऱ्यांनी 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी 2020 असा दोन दिवसांचा देशव्यापी संप केला. 30 तारखेच्या रात्री माझा घसा बसला. डॉक्टरांनी 'आ' करायला लावलं आणि तोंडात न बघताच विचारलं, "किती दिवसांचा दाखला देऊ?" संपावर गेलेल्यांचा पगार कापला गेला, माझा शाबूत राहिला. पुढे 11 नोव्हेंबर 2020 रोजी करार झाला. वाढ 15 टक्के, तीही 1 नोव्हेंबर 2017 पासून. तीन वर्षांची थकबाकी माझ्याही खात्यात जमा झाली. तिचाच तो फ्रिज.

तेव्हा मला त्या अनोळखी गृहस्थाचं वकीलपत्र घेणं भागच होतं. मी म्हणालो, "हे बघ, पावसासाठी यज्ञ चारजणांनी केला म्हणून पाऊस काही त्या चौघांच्याच शेतात पडत नाही. आणि समजा, संपात नसलेल्याला जुनाच पगार ठेवला, तर कुठलंही व्यवस्थापन उद्यापासून त्याच्यासारखीच स्वस्त माणसं शोधील. म्हणून संघटना सगळ्यांसाठी मागते. त्याला मिळतं ते तुमच्याच सोयीसाठी."

"म्हणजे आम्ही त्याचे आभार मानायचे?"

"तितकी घाई नाही," मी म्हणालो.

वाद मी जिंकत आलो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "आणि काय रे, तुझे ते चहा आणणारे मामा? तेही संपावर?"

मेहुण्याचा आवाज खाली आला. "ते कसे असतील, ताई? ते कंत्राटी. विभागाला कुलूप म्हटल्यावर त्यांची हजेरी लागत नाही. रोज बुडतोय त्यांचा."

"मग मागण्यांमध्ये त्यांचं काय आहे?"

"ते… कंत्राटदाराचे ना. आपल्या यादीत कसे येतील?" थोडं थांबून तो म्हणाला, "द्वारसभेला चहा मात्र तेच आणतात."

पुढे कोणीच काही बोललं नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मनातल्या मनात वही उघडून बसलो. एका पानावर मी: दिलं काही नाही, मिळालं सगळं. समोरच्या पानावर मामा: रोज दिला, पायपीट दिली, मिळणार काही नाही. मेहुणा आणि मी अर्धा तास भांडलो ते पहिल्या पानाबद्दल. दुसरं पान उलटायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. बँकेत आम्हांला जमा आणि नावे ह्यांत फरक निघाला की चूक शोधायची सवय. इथे फरक निघत नव्हता. वही चोख जुळत होती, आणि म्हणूनच ती कोणी तपासायला घेणार नव्हतं.

मेहुणा गेल्यावर फ्रिज उघडून गार पाणी प्यालो. रात्री घसा बसला. ह्या वेळी खरोखरच.