मागून नेलेलं पिल्लू

आजीच्या घरी मांजर व्याली की पिल्लं देण्याची एक रीत होती. आजीनं स्वतःहून कुणाला पिल्लू दिलं नाही. ज्याला हवं त्यानं मागायला यायचं. आलेल्याला ती विचारायची, दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर कोण बघेल? मग सांगायची, चाटून खायला लागलं की या. म्हणजे आणखी एक हेलपाटा. तेवढ्यात नुसती हौस कुणाची आणि तयारी कुणाची, हे तिला कळायचं.

आता दिवाळीत कुत्र्याचं पिल्लू टोपलीत, गळ्यात रिबीन बांधून येतं. कुणी मामा आणतो, कुणी वडिलांचे मित्र. भेटीची गंमत ती अचानक मिळण्यात असते, आणि इथे नेमकं तेच घातक ठरतं. भेटीला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. नको असलेली साडी कपाटात राहते, जास्तीचा फराळ शेजारी जातो. पिल्लाला मात्र त्याच रात्री ऊब हवी असते आणि सकाळी कुणीतरी पुसून काढायला हवं असतं. देणारा तोवर आपल्या घरी पोचलेला असतो. ज्याच्यावर दहा-बारा वर्षांचा भार पडणार, त्याला न विचारता तो भार टाकणं याला मी भेट म्हणू शकत नाही.

त्यात मुहूर्तही वाईट. आपली दिवाळी वसुबारसेला सुरू होते, गाईला वासरासह पुजून. त्याच आठवड्यात आईपासून तोडलेली पिल्लं विकली जातात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं 2017 चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम सांगतात. तरी त्याहून लहान पिल्लं हातोहात जातात. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याला जगाची ओळख होते. या काळात बसलेली भीती पुढे सहज जात नाही. आणि आपण त्याला ही ओळख लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सुतळी बॉम्बच्या आवाजात करून देतो. पार्वो या विषाणूजन्य आजाराचं दुखणं तर आधी दिसतच नाही. विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. धनत्रयोदशीला उड्या मारणारं पिल्लू भाऊबीजेच्या सुमारास उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी कोपऱ्यात पडतं. लशींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, हे टोपली देणाऱ्यानं सांगितलेलं नसतं.

भेट म्हणून येणाऱ्या कासवाची गोष्ट वेगळी, पण दुःख तेच. काचेच्या भांड्यातलं, रुपयाएवढं, कानाशी लाल पट्टा असलेलं ते कासव अमेरिकेतलं. ते ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर तीसेक वर्षं जगतं. भांडं पुरेनासं झालं की लोक त्याला ‘मोकळं’ करतात, जवळच्या तळ्यात. तिथे ते आपल्याकडच्या कासवांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण करतं. पिंजऱ्यातला पोपट देणाऱ्यांनी तर देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, एवढं तरी लक्षात घ्यावं.

ब्रिटनमध्ये नाताळच्या भेटींमुळे हेच घडत होतं. कुत्रा केवळ नाताळापुरता नसतो, जन्मभराचा असतो, हे तिथल्या श्वानसंस्थेला 1978 साली घोषवाक्य करून सांगावं लागलं. याउलट, अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भेट मिळालेली बहुतेक कुत्री-मांजरं त्या घरांत टिकलेली दिसली. ते मला पटतं. पिल्लावर माया जडायला वेळ लागत नाही. पण मायेनं दिवसाचे तास वाढत नाहीत. दोघं नोकरीला, मूल शाळेत आणि शिकवणीला, आणि कुलूपबंद फ्लॅटमध्ये दहा तास एकटं कुत्रं. त्याला शेवटी सोडून येणारी माणसं निर्दय असतातच असं नाही. अनेकदा ती रडत रडत सोडून येतात. पाचवीतल्या मुलाला दिलेलं लॅब्रॅडॉर म्हातारं होईल तेव्हा तो मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात असेल, हा हिशेब त्यांच्यासमोर कुणी मांडलेलाच नसतो.

मुलाला खरंच काही द्यायचं असेल तर गावी गेलेल्या शेजाऱ्यांचं म्हातारं कुत्रं दिवाळीचे चार दिवस सांभाळायला द्यावं. पहाटेचं फिरवणं, औषधाची गोळी, फटाके सुरू झाले की पलंगाखाली त्याच्याजवळ बसणं. त्यानंतरही मुलानं पिल्लाचा हट्ट धरला, तर घरातल्या सगळ्यांनी बसून बोलावं.

आजीकडे एक शेजारीण तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याची घडी होती. पिल्लाच्या अंथरुणासाठी. त्या दिवशी आजीनं काहीच विचारलं नाही.