निर्वासित कोण, स्थलांतरित कोण?



1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. ती माणसे निर्वासित. त्यांची परतीची वाट बंद झाली होती. मार्च 2020 च्या टाळेबंदीत माजिवड्यावरून नाशिक महामार्गाने पायी गावी निघालेले मजूर मात्र स्थलांतरित.

1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, छळाच्या रास्त भीतीने देश सोडलेला तो निर्वासित. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरी हा भेद हवाच, कारण निर्वासिताला परत पाठवणे म्हणजे त्याला छळणाऱ्यांच्या हाती देणे. पण आपण याच भेदाआड लपतो: मजुराला गाव आहे, जाईल परत! पोटासाठी सोडलेल्या गावात त्याने काय खावे?

हेरोदाच्या भीतीने मिसर देशात नेलेला बाळ येशू निर्वासित होता. पण त्याआधी बेथलेहेमात, स्वतःच्याच देशात, त्याच्या आईवडिलांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती.

कोणाला काय म्हणावे हे कायदा ठरवील. दार उघडायचे की नाही, हे आपण ठरवायचे. आपल्या इमारतीच्या रखवालदाराचे नाव व गाव आपल्याला ठाऊक आहे का?