बोळींजच्या दिशेचा कॅमेरा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दादाच्या वाडीतला पंप चोरीला गेला. विहिरीपाशी पत्र्याचं खोपटं आहे, त्याचं कुलूप तोडलेलं. पाइप करवतीने कापलेला, आणि कापणाऱ्याला घाई नसावी, कारण कड अगदी सरळ होती. सकाळी घरची, शेजारची अशी आठ-दहा माणसं जमली. कोणी एक शब्द बोलायच्या आधीच सगळ्यांच्या माना बोळींजकडे वळल्या. नंदाखालच्या आमच्या वाडीतून केळींच्या शेंड्यांवरून तिथले म्हाडाचे, सरकारी स्वस्त घरांचे, टॉवर दिसतात. मान मीही वळवली. तीस वर्षं शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतलेली बाई.

चोर सापडला नाही. दादाने कॅमेरा बसवला. बसवायला आलेल्या पोराने शिडीवरून विचारलं, "तोंड कुठे करू?" दादा म्हणाला, "त्या टॉवरवाल्यांच्या रस्त्याकडे." पंप होता त्या जागेकडे कॅमेऱ्याची पाठ आहे.

पुढच्या पापनिवेदनाला मी हे फादरना सांगितलं. ते म्हणाले, "संशय आला म्हणून वाईट वाटतंय?" मी म्हटलं, संशय काय, येतो. पण चोर त्या टॉवरमधलाच निघावा अशी मला इच्छा झाली होती. फादर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आहे. तुम्ही साक्ष दिली नाहीत, पण पिंजऱ्यात उभ्या राहिलात.

माझा भाचा समाजशास्त्र शिकवतो. त्याला विचारलं, सरकार गरिबांना घर देतं तेव्हा आजूबाजूला गुन्हे वाढतात का रे? त्याने अमेरिकेतला प्रयोग सांगितला. १९९४ पासून तिथल्या पाच शहरांत ४,६०० च्या आसपास गरीब कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकल्या. काहींना बऱ्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायला मदत दिली, काहींना नाही, आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. घर बदललेल्या कुटुंबांतल्या मुलांना मारामाऱ्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण आधी घटलं. मुलींचं बरं चाललं. मुलगे मात्र पुढे चोरीच्या गुन्ह्यांत जास्त पकडले गेले. जास्त चोऱ्या केल्या म्हणून, की सुखवस्तू गल्लीत असं पोरगं लगेच नजरेत भरतं म्हणून? भाचा हसला. म्हणाला, "मावशी, हा प्रश्न परीक्षेला घालतो."

तिथून मला काही सरळ उत्तर मिळालं नाही. पण एका रात्री वेगळंच मनात आलं. समजा उत्तर ठाम 'हो' असं आलं असतं, तर मी काय केलं असतं? गुन्हे वाढत नाहीत असं सिद्ध झालं तरच शेजारधर्म पाळायचा, असं मी मनाशी धरून बसले होते का?

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात पहिला खुनी आहे, काइन. भावाला मारल्याची त्याची शिक्षा काय, तर भटकत राहा, तुला ठिकाणा नाही. म्हणजे बेघर होणं हीच त्या गोष्टीत शिक्षा आहे. गुन्हा आधी घडलेला आहे. आपण उलटं वाचतो. ज्याला ठिकाणा नाही तो गुन्हेगार असणारच, असं. आणि पुढे हाच काइन नगर वसवतो, शास्त्रातलं पहिलं.

मोशेच्या नियमशास्त्रात तर आश्रयाची सहा नगरं आहेत, यार्देनच्या दोन्ही काठांना तीन-तीन. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला, त्याने सूड घेणाऱ्यापासून वाचायला तिथे पळून जायचं. यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे वेशीवर वडीलधाऱ्यांनी त्याचं ऐकायचं आणि राहायला जागा द्यायची. मी हे अनेकदा वाचलं होतं, पण ही नगरं लेव्यांची होती, म्हणजे धर्मसेवा करणाऱ्यांची, हे लक्षात आलं नव्हतं. रक्ताचे हात घेऊन आलेला माणूस देवळाची कामं करणाऱ्यांच्या शेजारी. शिवाय मोशेच्या आज्ञेत रस्त्याचाही उल्लेख आहे: त्या नगरांकडे जाणारा रस्ता नीट तयार ठेवा. नुसतं घर देऊन भागत नाही, तिथली सोयही हवी. हे वाचून मला बोळींजचं पाणी आठवलं. म्हाडाने तिथे हजारो घरं बांधली आणि त्यातली कित्येक वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली, त्याचं एक मोठं कारण पाणी. सूर्या धरणावरच्या नव्या योजनेचं पाणी आपल्याकडे यायला २०२३ उजाडलं.

आणि ते 'टॉवरवाले' तरी कोण? घरांच्या किमती वीस लाखांच्या वर. अर्ज, कागदपत्रं, बँकेचं कर्ज, हे सगळं पार करून आलेली माणसं. सकाळी ६ ची विरार लोकल पकडणारी. त्यांच्याकडे करवत घेऊन वाडीत शिरायला वेळ कुठला.

वसई-विरारमध्ये घराचा आणि गुन्ह्याचा संबंध आहे, चांगलाच घट्ट आहे. आमच्याकडे घरच गुन्ह्यातून उभं राहतं. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी बनावट शिक्के मारून परवानग्या तयार करणारी टोळी पकडली, त्या कागदांवर पन्नासहून जास्त इमारती. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उठल्या, विकल्या गेल्या, भरल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरात रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. तीही अनधिकृत. कायद्याचं स्वस्त घर जिथे पुरत नाही, तिथे बेकायदा घर विकणारा दुकान मांडतोच. या इमारतींखालच्या जमिनीही आभाळातून पडल्या नाहीत. वसईची हिरवाई वाचवायला उभ्या राहिलेल्या हरित वसई आंदोलनाच्या मोर्चात फादर दिब्रिटोंच्या मागून मी चाललेय, आणि तसा मोर्चा निघाला तर आजही चालेन. विहिरींचं पाणी वाचवायचं होतं. पण त्या घोषणांत विहिरीची काळजी कुठे संपत होती आणि परक्या माणसाची भीती कुठे सुरू होत होती, हे तेव्हा आम्ही वेगळं केलं नाही. नंतर आमच्याच भावकीत प्लॉट विकले गेले.

माझ्याकडे नऊ वर्षं कामाला येणारी बाई त्या ४१ इमारतींपैकी एकीत राहायची. गावची जमीन आणि अंगावरचं सोनं विकून घेतलेली वन आरके. पाडायच्या दिवशी तिने दाराच्या बिजागऱ्या काढून आणल्या, स्टीलच्या होत्या म्हणून. त्या अजून माझ्या पोटमाळ्यावर पिशवीत आहेत. सध्या ती भाड्याने राहते. मुलगा कंपनीत लागलाय, त्याच्या पगाराच्या स्लिपवर तिला बोळींजला घर घ्यायचंय. सरकारी अनुदान मिळालं तर अडीच लाख कमी होतील. कर्जाला जामीनदार हवा.

"टीचर, तुम्ही राहाल का?" केर काढता काढता तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "हप्ता थकला तर?"

"भाडं कधी थकवलंय का मी?"

मी दोन दिवस मागून घेतले. त्या रात्री नीतिसूत्रं उघडली, तर तिथे शेजाऱ्याला जामीन राहण्याविरुद्ध कडक ताकीद आहे, राहिलाच असशील तर झोप न घेता सुटका करून घे अशा अर्थाची. एकाच ग्रंथात हे आणि सहा नगरंही. दादाला सांगितलं, तर त्याला पहिलं सुचलं ते हे: "म्हणजे ती आता आपल्या कॅमेऱ्यात दिसणार?"

आज सहावा दिवस. फॉर्म फ्रिजवर वेलंकणीच्या मॅग्नेटखाली आहे. ती रोज फ्रिज पुसते आणि फॉर्मची कडा तेवढी सोडते.